वेबसाइट कुणाकडूनही करून घ्या, पण सातबारा आपल्या नावावर हवा

प्रश्न थोडक्यात असा. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या एक ताई घरीच केळीचे वेफर्स, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया करून विकतात. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, बऱ्याचशा पुण्या-मुंबईत आणि सुरतेत स्थायिक झालेल्या आपल्याकडच्याच माणसांच्या. आता वेबसाइट करायची आहे. एकाने ३५ हजार सांगितले, दुसऱ्याने ४ हजार, आणि दोघंही म्हणाले, ‘डोमेनचं टेन्शन घेऊ नका, ते आम्ही बघून घेऊ.’ डोमेन म्हणजे साइटचं नाव, तिचा इंटरनेटवरचा पत्ता. मुलगा कॉम्प्युटर शिकतोय, तो म्हणतो घरचा जुना पीसी पडलाय त्यावरच चालवू. ताईंना विचारायचंय की स्वतः करणं जमेल का, ठेवायची कुठे आणि पुढे सांभाळायला काय लागतं.

ताई, जमेल. मी जळगावात १७ वर्षं हेच काम करतो, दालमिलवाल्यांपासून शिकवणीवाल्या सरांपर्यंत सगळ्यांच्या साइट्स केल्या आहेत. तुमच्या कामात अवघड असं काही नाही. पण आधी त्या ‘आम्ही बघून घेऊ’बद्दल बोलतो, कारण माझ्याकडे डोक्याला हात लावून येणाऱ्या बहुतेकांची गोष्ट तिथूनच सुरू झालेली असते.

एमआयडीसीत चटया बनवणारं माझं एक गिऱ्हाईक. त्यांची साइट ओळखीतल्या एका पोराने करून दिली होती. डोमेन, होस्टिंग (साइटच्या फायली ठेवायची भाड्याची जागा), ईमेल, सगळं त्या पोराच्याच खात्यात. दर दिवाळीला तो पैसे घेऊन जायचा, नूतनीकरण करायचा, कुणाची काही तक्रार नव्हती. मग त्याला बाहेरगावी नोकरी लागली, नंबर बदलला. एका सकाळी नागपूरच्या डीलरचा फोन, ‘शेठ, तुमच्या ईमेलवर मेल जात नाही.’ मालकांना वाटलं इंटरनेटची गडबड असेल. आठवडा गेला, दोन गेले. माझ्याकडे आले तोवर डोमेनची मुदत संपून महिना उलटला होता.

डॉट कॉमचं असं असतं की मुदत संपली म्हणजे नाव त्याच दिवशी जात नाही. बहुतेक कंपन्या काही दिवस, कधी ४५ पर्यंत, नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. त्यानंतर ३० दिवस नाव सोडवून घेता येतं, पण दंड जबर असतो. मग ५ दिवस ते नुसतं कुलूपबंद राहतं आणि त्यानंतर जो पहिला झडप घालेल त्याचं. म्हणजे हातात वेळ होता. पण पैसे भरणार कोण? खातं त्या पोराचं. पोरगा सापडला, बिचारा मदतीलाही तयार होता, पण ज्या जुन्या ईमेलवर खातं होतं त्याचा पासवर्ड त्याला आठवेना आणि ओटीपी जायचा तो नंबर बंद झालेला. कंपनीने मालकांना सरळ सांगितलं, आमच्या दप्तरी ज्याचं नाव, त्याचं डोमेन. नाव गेलं. आज त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसते, आणि चटयांच्या जुन्या गठ्ठ्यांवर तोच पत्ता छापलेला आहे.

शेती असलेल्या घरात हे वेगळं समजवावं लागत नाही. वहिवाट कितीही वर्षांची असो, सातबाऱ्यावर नाव कुणाचं ते बघतात. डोमेन म्हणजे तुमचा सातबारा. होस्टिंग म्हणजे भाड्याचं गोडाऊन, आज इथे उद्या तिथे. डिझाइन म्हणजे दुकानाचा रंग. गोडाऊन बदलता येतं, रंग पुन्हा काढता येतो. नाव एकदा गेलं की गेलं.

तेव्हा पहिलं काम स्वतःच्या हाताने करा. डोमेन विकणाऱ्या कुठल्याही नावाजलेल्या कंपनीत स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाईलवर खातं उघडा. ईमेल मुलाच्या कॉलेजचा नको, तो पास झाला की बंद होतो. मालकाच्या रकान्यात तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव. पैसे तुमच्या यूपीआयने. वीस मिनिटांचं काम आहे. साइट करणाऱ्याला हा पासवर्ड द्यायची गरजच नसते. तो तुम्हाला नेमसर्व्हरची (साइट कुठे ठेवलीय ते सांगणारी) दोन नावं देईल, ती तुम्ही खात्यात टाकायची, झालं. कुणी आधीच स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलं असेल तर त्याच्याकडून ‘ऑथ कोड’ मागा, त्याने डोमेन तुमच्या खात्यात आणता येतं. मात्र डॉट कॉम नवीन घेतल्यावर साधारण ६० दिवस दुसऱ्या कंपनीत हलवता येत नाही, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि डोमेन घेतल्यावर फोन सुरू होतील. ‘मॅडम, तुमची वेबसाइट गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो.’ काही दिवसांनी बिलासारखं दिसणारं ईमेल येईल, मुदत संपतेय, लगेच भरा. अशा मेलमधल्या लिंकवर कधीच भरू नका. स्वतः खात्यात जाऊन तारीख बघा.

आता नाव कोणतं घ्यायचं. इथे आपल्या भाषेची एक गंमत आहे. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा म्हटलं की प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. सावदा व्ही ने की डब्ल्यू ने? केळीत शेवटी आय की डबल ई? बिबडेत मधे ए घालायचा की नाही? मी गिऱ्हाइकांना एक परीक्षा घ्यायला लावतो. गावाकडच्या तीन नातेवाइकांना फोन करा, नाव एकदाच सांगा आणि त्यांना टाइप करून पाठवायला सांगा. तीन माणसांनी तीन स्पेलिंगं पाठवली तर ते नाव सोडून द्या. छोटं, एका दमात सांगता येणारं, मधे आडवी रेघ किंवा आकडा नसलेलं नाव घ्या. डॉट कॉम मिळालं तर उत्तम, नसेल तर डॉट इन घ्या, त्यात कमीपणा काही नाही. देवनागरीतलं डॉट भारतही २०१४ पासून मिळतं. वाचायला छान वाटतं, पण अजून बऱ्याच ठिकाणी फॉर्ममध्ये टाकलं की घेत नाहीत, आणि काही ठिकाणी पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांची अगम्य माळ होऊन दिसतं. हौस असेल तर दुसरं नाव म्हणून घ्या आणि मूळ पत्त्याकडे वळवून ठेवा.

कुणी म्हणेल, व्हॉट्सॲपवर धंदा चाललाय की, मग कशाला हे? माझा व्हॉट्सॲपला विरोध नाही, तुमचं दुकान तिथेच चालू द्या. पण ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही पाच-सहा तास बंद होते. तेव्हा नवरात्र तीन दिवसांवर आलेलं. उपवासाच्या वेफर्सच्या ऑर्डरी घेणारे माझ्या ओळखीचे दोघं त्या रात्री अक्षरशः फोन झटकत बसले होते. त्याच्या आदल्या वर्षी, जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि लाखभर फॉलोअर असलेली मंडळी रातोरात शून्यावर आली. आणखी जवळचं उदाहरण गुगलचं. दुकानाच्या नोंदीसोबत गुगल एक पानाची फुकट वेबसाइट द्यायचं. कितीतरी किराणावाल्यांनी, ब्युटी पार्लरवाल्यांनी तोच पत्ता कार्डावर छापला. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या साइट्स बंद केल्या. फुकट मिळालं त्याबद्दल तक्रार नाही, पण कार्डं पुन्हा छापावी लागली. नकाशावर दुकानाची जी नोंद असते, गुगल बिझनेस प्रोफाइल, ती मात्र चालू आहे, ती जरूर करा. नवीन गिऱ्हाईक आधी तिथूनच येईल.

तर ३५ हजार की ४ हजार? ४ हजारवाला बहुधा तयार साचा घेईल, त्यात तुमचे फोटो घालेल, होस्टिंग पहिल्या वर्षाच्या सवलतीत घेईल. पुढच्या वर्षी तेच होस्टिंग दुप्पट-तिप्पट दराने येतं तेव्हा तो फोन उचलेलच असं नाही. ३५ हजारवाला बहुधा पूर्ण ऑनलाइन दुकान म्हणतोय, कार्ट (साइटवरच माल निवडून ऑर्डर टाकायची सोय), पेमेंट, कुरिअर जोडलेलं. भाव वाजवी असेलही. पण तुम्हाला ते आज नकोय असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते सांगतो. फैजपूरच्या बाजूचं असंच एक घरगुती युनिट. मोठ्या हौसेने कार्ट बसवलं. पेमेंट गेटवेला, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीला, साधारण दोन टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, तेवढं त्यांनी धरलं होतं. मार बसला कुरिअरमध्ये. साइटवर भाडं किलोवर लावलं, आणि कुरिअरवाले घेतात आकारमानावर. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यात जे जास्त, त्याचं भाडं. वेफर्सचा एक किलोचा खोका ३० बाय २५ बाय २० चा भरला तर १५,००० भागिले ५,०००, म्हणजे ३ किलोचं भाडं. बिबड्यांचंही तेच, वर ते चुरा होऊ नयेत म्हणून आणखी मोठा खोका. पहिल्या महिन्यात ऑर्डरी झाल्या चांगल्या, आणि प्रत्येक ऑर्डरमागे घरचे पैसे गेले. व्हॉट्सॲपवर तुम्ही ‘ताई, सुरतेला एवढं भाडं पडेल, दोघी मिळून मागवा’ असं सांगता ना, ते कार्टला सांगता येत नाही.

म्हणून आज पाच पानं पुरेत. पहिलं पान, पदार्थांचं आणि दरांचं पान, आम्ही कोण, पाठवणी कशी होते आणि परत कधी घेतो, संपर्क. प्रत्येक पदार्थाखाली व्हॉट्सॲपचं बटण, दाबलं की ‘मला बिबडे हवेत’ असा तयार निरोप तुमच्या नंबरवर येईल. हे बटण म्हणजे एक साधी लिंक असते, तिला पैसे पडत नाहीत. रोजच्या ऑर्डरी हाताने लिहिणं अशक्य व्हायला लागलं की मग कार्टचा विचार करा. तेव्हा पेमेंट गेटवेवाले परतीचे नियम, गोपनीयता, अटी, पत्ता ही पानं मागतातच, त्यातली अर्धी तयार असतील.

संपर्काच्या पानावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याकडच्या नोंदणीचा, १४ अंकी क्रमांक घाला. आणि एक सांभाळा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे वेफर्सच्या पाकिटावर आणि साइटवर बिनधास्त ‘जीआय’चा शिक्का लावणारे मी पाहिलेत. ते मानांकन केळीला आहे, वेफर्सला नाही, आणि ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ‘आमच्या शिवारातल्या केळीचे वेफर्स’ एवढं लिहा, खरंही आहे आणि वाचायलाही बरं.

आता ठेवायची कुठे. मुलाच्या जुन्या पीसीचं आधी. पोराची कल्पना शिकायला फार छान आहे, त्याला ती घरातल्या घरात जरूर करू द्या, पण धंद्याची साइट त्यावर नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, माणसं हुश्श करतात तिथे तो पीसी काय करणार. लाईट गेली की साइट गेली. शिवाय बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा असा इंटरनेट पत्ता मिळतच नाही, शेजारपाजारच्या अनेकांचा मिळून एक असतो, त्यामुळे बाहेरून तुमच्या पीसीपर्यंत पोचताच येत नाही.

राहिले दोन रस्ते. पोराला एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) येत असेल तर पाच पानांची साधी स्थिर साइट करा, म्हणजे नुसत्या फायली. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे तोडायला चोराला काही सापडत नाही. क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय अशा ठिकाणी ती फुकट ठेवता येते. गिटहब पेजेसचं नाव मुलगा घेईल, पण त्यांच्या नियमांतच लिहिलंय की ऑनलाइन धंदा चालवायला ते नाही. या रस्त्याने तुमचा वर्षाचा खर्च म्हणजे फक्त डोमेन, साधारण हजार-दीड हजार. अडचण एकच. दर बदलायचा तर मुलगा घरी हवा.

दुसरा रस्ता वर्डप्रेसचा, म्हणजे साइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरचा. मोबाईलवरून तुम्ही स्वतः दर बदलू शकता, फोटो टाकू शकता. त्याला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट्सनी मिळून वापरायची जागा, लागतं. घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघूच नका, बारीक अक्षरातला नूतनीकरणाचा भाव बघा. ‘अनलिमिटेड’ या शब्दावर जाऊ नका, आत फायलींच्या संख्येवर मर्यादा असतेच. विचारायचं ते असं: सर्व्हर भारतात आहे का, रोजचा बॅकअप घेता का, तो किती दिवस ठेवता आणि परत लावून द्यायचे वेगळे पैसे घेता का. शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात.

तुम्ही दर हंगामात दर बदलता, केळीचा भाव तर आठवड्यात हलतो, म्हणून तुमच्यासाठी मी वर्डप्रेसकडे झुकतो. पण मुलगा अजून दोन-तीन वर्षं घरी असेल आणि त्याला गोडी असेल तर पहिला रस्ता. सांभाळण्याचा ताप त्यात दहापट कमी आहे.

मजकुराबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे मराठी साइट्स हमखास फसतात. तुमची लेबलं ज्या प्रेसमध्ये छापली, त्यांच्याकडे मजकूर तयार आहे म्हणून तो मागवाल. तो बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल. त्या फॉन्टमध्ये अक्षर फक्त दिसायला मराठी असतं, आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. साइटवर चिकटवलं की नुसता काला दिसतो. त्याला युनिकोडमध्ये (मोबाईल-इंटरनेटवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून देणारी साधनं मिळतात, पण बदलल्यावर प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. साधन गडबडलं की ‘बिबडे’तली वेलांटी सुटी पडते आणि ठिपक्यांच्या गोलावर लटकते. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो. ‘सर्व’ची वाट लागलेली पानं मी रोज बघतो. खरं तर पाच पानांचा मजकूर मोबाईलवर बोलून लिहिणं जास्त सोपं.

फॉन्ट ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या, दोन्ही फुकट आहेत. आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला मुलाला सांगा, एचटीएमएलच्या अगदी सुरुवातीला भाषेचा कोड असतो, तिथे मराठीचा टाकायचा. नोंद हिंदी राहिली तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. गिऱ्हाइकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण पान परकं वाटतं. मला तरी वाटतं.

दुसरी खोड म्हणजे सगळा मजकूर पोस्टरसारखा चित्रात टाकणं. दरपत्रक सुंदर, पण ते चित्र. गुगल अशा मजकुरावर भिस्त ठेवत नाही, आणि आजीच्या मोबाईलवर तो मोठा करून वाचताही येत नाही. दर साध्या अक्षरांत लिहा. आणि लोक शोधतात कसे ते लक्षात घ्या. तुम्ही म्हणाल बिबडे, कुणी म्हणतं बिबड्या, कुणी ज्वारीचे पापड, आणि पुण्यात जन्मलेली पोरं इंग्रजी अक्षरांत तीन तऱ्हांनी लिहितात. एका पानावर दोन-तीन वाक्यांत हे सगळे शब्द सहज येऊ द्या. ‘आखाजीच्या आधी गच्चीवर वाळवलेले ज्वारीचे बिबडे’ हे वाक्य सुरतेतल्या माणसाला जे सांगतं, ते ‘उत्कृष्ट दर्जाची उत्पादने’ सात जन्मात सांगणार नाही.

फोटो स्टुडिओत काढू नका. सकाळी सात-साडेसातला गच्चीवर, धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर वाळत घातलेले बिबडे, तिरपं ऊन, त्यात जाळी दिसते. दुपारचं ऊन सगळं सपाट करतं. मोबाईलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवू नका. रुंदी १,२०० पिक्सेल करा, वेबपी प्रकारात साठवा, १५० केबीच्या आत येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. मग साइट तपासा कुठे? घरच्या वायफायवर नाही. पालच्या रस्त्याला सातपुड्याकडे चला, जिथे मोबाईलचा एकच दांडा उरतो, तिथे उघडून बघा. तिथे उघडली तर जगात कुठेही उघडेल.

कुलपाचं चिन्ह, म्हणजे एचटीटीपीएस, हवंच. जुलै २०१८ पासून क्रोम ते नसलेल्या साइटला ‘असुरक्षित’ म्हणतो. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं. आपोआप होतंय ना, एवढंच बघा. विकतच्या प्रमाणपत्रांची मुदतही आता कमी होत चाललीय, २०२९ पर्यंत जास्तीत जास्त ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा हाताने बदलण्याचे दिवस तसेही संपले.

सांभाळण्याचं म्हणाल तर एक किस्सा सांगतो. नंदुरबारकडच्या एका मिरची व्यापाऱ्याचा रात्री फोन, ‘भो, गुगलवर आपली मिरची जपानी बोलू राहिली!’ मला वाटलं गंमत करतोय. बघतो तर खरंच, दुकानाच्या नावाने शोधलं की खाली जपानी अक्षरांत बूट आणि पर्स विकायची पानं, एकेक करत हजारो. साइट उघडली की मात्र सगळं जागच्या जागी, मिरची लालबुंद. हा हल्ला जुनाच आहे. चोर आत शिरून पानं तयार करतो, ती फक्त गुगलला दाखवतो, मालकाला दाखवत नाही. शिरला कुठून? साइट करणाऱ्याने पैसे देऊन घ्यायची थीम (साइटचा तयार साचा) कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवरून फुकटात उचलली होती. चोरदरवाजा तिच्यातच होता. होस्टिंगवाल्याकडे बॅकअप होते, पण फक्त सात दिवसांचे, आणि सातही दिवस बिघडलेलेच. गुगल सर्च कन्सोलमध्ये (गुगल साइटच्या मालकाला तिची हालत दाखवतं तिथे) बघितलं तर साइटचा मालक म्हणून एक अनोळखी ईमेल जोडलेला. शेवटी सगळं पाडून नव्याने बांधलं, आणि गुगलच्या यादीतून ती पानं जायला पुढे दीड-दोन महिने गेले.

त्यामुळे वर्डप्रेस घेतलंत तर थीम फुकटची हवी असेल तर वर्डप्रेसच्या स्वतःच्या भांडारातली, विकतची हवी असेल तर विकत. प्लगिन, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, मोजके, सहा-सात. महिन्यातून एकदा, समजा अमावास्येला, कामाला सुट्टी असते तेव्हा, बसायचं. आधी बॅकअप घ्यायचा, तो होस्टिंगवर नाही तर आपल्या पेनड्राइव्हवर आणि गुगल ड्राइव्हवर. मग अपडेट करायचं, अपडेट झाल्यावर व्हॉट्सॲपचं बटण दाबून बघायचं. सर्च कन्सोल उघडून काही ओरड आहे का आणि मालकांच्या यादीत आपणच आहोत ना ते बघायचं. अर्धा तास. वर्षातून एकदा होस्टिंगच्या पॅनलमध्ये पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं तिची) आवृत्ती बघा, २०२२ मध्ये आधार संपलेल्या ७.४ वर अजून चालणाऱ्या साइट्स आपल्याकडे ढिगाने आहेत. आणि वर्षातून एकदा बॅकअप दुसरीकडे उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न उघडलेलं लोणच्याचं भांडं, आत बुरशी आहे की नाही झाकण काढल्याशिवाय कळत नाही.

३५ हजारवाल्याला पाच पानांसाठी पुन्हा भाव विचारा, तो माणूस वाईट असेलच असं नाही. डोमेन आणि होस्टिंग आमच्या खात्यात राहील, काम संपल्यावर वर्डप्रेसचा मुख्य लॉगिन आमच्याकडे, थीम आणि प्लगिनच्या पावत्या आमच्या नावाने, हे व्यवहार ठरवतानाच बोला. या अटींवर जो कुरकुरतो त्याला नमस्कार करा, मग तो चार हजारवाला असो नाहीतर चाळीस.

एक वही करा. तिच्यात डोमेन कुठल्या कंपनीत, कुठल्या ईमेलवर, मुदत कधी, होस्टिंग कुठे, मुदत कधी, ओटीपी कुणाच्या नंबरवर, एवढं पेनाने लिहा. मुदतीच्या महिनाभर आधीच्या पानावर, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये सिलिंडरची तारीख लिहिता तिथेच शेजारी, ‘डोमेन’ असं लिहून ठेवा. यूपीआयवर आपोआप पैसे जायची सोय असली तरी लिहा, ती परवानगी कधी संपते ते कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि वही मुलाच्या बॅगेत नको. दुकानाच्या कागदांबरोबर, तुमच्या कपाटात.